जुनी चित्रे, जुने नकाशे आणि मालकीचा धर्म

एखादी वस्तू रास्त किंमत देऊन घरी आणली म्हणजे तिच्यासंबंधीची आपली सर्व देणी फिटली, असे मानण्याची व्यवहाराची रीत आहे. धान्य, कापड, लाकूडफाटा यांच्या बाबतीत ती पुरेशी आहे. परंतु काही वस्तू अशा असतात, की पावती हाती आल्यावरही त्यांचे काही देणे उरते आणि ते कोणास द्यावयाचे हे नीट उमगत नाही. जुनी छापील चित्रे आणि जुने नकाशे या वर्गात मोडतात. आमच्या बडोद्यात ही हौस बाळगणारे पुष्कळ आहेत. त्यांत आमचे स्नेही आहेत आणि अल्पस्वल्प प्रमाणात आम्हीही आहो. म्हणून हौसेची निंदा करावी हा आमचा हेतू नव्हे. ज्या कागदापुढे कोणीतरी पन्नास वर्षे हात जोडले, तो कागद बाजारात विकत घेणाऱ्यावर कोणती जबाबदारी येते, एवढाच प्रश्न येथे विचारार्थ घ्यावयाचा आहे.

हा प्रश्न बडोद्यात बसून विचारण्यास विशेष कारण आहे. देवादिकांची जी रंगीत छापील रूपे आज घरोघर ओळखीची आहेत, त्यांच्या इतिहासातील एक मोठा अध्याय या नगरीत घडला. बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव यांच्या काळात राजा रविवर्म्याचा या संस्थानाशी संबंध आला. पुढे महाराज सयाजीरावांनी लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी त्याच्याकडून चौदा पौराणिक चित्रे करवून घेतली. राजवाडा १८९० साली पुरा झाला आणि त्याच सुमारास ही चित्रेही तयार झाली. ती लोकांना पाहावयास मांडली गेली तेव्हा दर्शनाला यावे तशी गर्दी झाली. पण राजवाड्याची भिंत ती एकच. एका चित्रकाराचे दोन हात इतक्या लोकांची हौस कशी पुरविणार, तेव्हा चित्रे परदेशी पाठवून त्यांच्या छापील प्रती काढाव्यात, ही सूचना माधवरावांनीच दिवाणगिरी सोडल्यानंतर रविवर्म्यास पत्राने केली होती. परदेशी पाठविण्याऐवजी रविवर्म्याने जर्मनीहून यंत्रे आणवून १८९४ साली मुंबईस स्वतःचा छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीस गेला, मालकी जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायखर याच्याकडे गेली आणि १९७२ साली आगीत तो नष्ट झाला. महाराष्ट्रात त्याच्याही आधी, १८७८ साली, विष्णुशास्त्री चिपळूणकर व त्यांचे सहकारी यांनी पुण्यास चित्रशाळा काढली होती. तिच्या रामपंचायतनाच्या प्रती ठाऊक नाहीत असे जुने मराठी घर विरळाच.

या छपाईची कृती ध्यानात घेतली म्हणजे तिला स्वस्त म्हणून हिणविण्याचे धाडस होत नाही. ही शिळाछापाची विद्या. बव्हेरियातील एका विशिष्ट चुनखडीच्या गुळगुळीत शिळेवर स्निग्ध शाईने आकृती काढावयाची. पाणी आणि तेल परस्परांस दूर लोटतात, या एका तत्त्वावर तिचे ठसे घ्यावयाचे. रंगीत चित्र असेल तर प्रत्येक रंगाला निराळी शिळा. लक्ष्मीच्या साडीचा तांबडा एका शिळेवर, कमळाचा गुलाबी दुसरीवर, कांतीची छटा तिसरीवर. एकच कागद पुनःपुन्हा यंत्राखाली जाई, आणि केसभर सरकला तरी चेहरा बिघडे. शेवटी रोगण चढवून तैलचित्राचा भास आणीत. म्हणून त्यास ओलिओग्राफ हे नाव पडले.

ही चित्रे घरी आल्यावर त्यांचे काय झाले, हे अधिक महत्त्वाचे आहे. ती चौकटीत बसली, देवघरात गेली, कोंकणीत ज्याला आपण देवाकूड म्हणतो तेथे मूर्तींच्या मागे भिंतीला लागली. घरच्या बायकांनी लक्ष्मीसरस्वतींच्या छापील साड्यांवर खऱ्या जरीचे काठ शिवले, टिकल्या आणि मणी लावले. काचेवर रोज गंधाचे बोट टेकले. ज्यांना देवळाच्या उंबरठ्याआत येण्याची मनाई होती, त्यांच्याही झोपडीत चार आण्यांच्या कागदावरून देव पोहोचला. ही गोष्ट देवस्थानाशी निगडित असलेल्या आपल्यासारख्यांनी विसरू नये. देऊळ जेथे आखडते झाले, तेथे छापखाना उदार झाला.

आता काळ पालटला आहे. वाडे पडतात, त्यांच्या जागी सदनिका उठतात, देवघर भिंतीतल्या कोनाड्याएवढे होते आणि दोन हात उंचीच्या चौकटीला जागा उरत नाही. आमच्या वकिली व्यवसायात वाटणीच्या याद्या पाहण्याचे प्रसंग वारंवार येतात. त्यांत दागिना तोळ्यामाशांनी लिहिलेला असतो, पितळी समई वजनासह असते. तसबिरी मात्र 'किरकोळ सामान' या सदरात, संख्येवाचून. यादीत जिला किंमत नाही, तीच तसबीर चार हात फिरून जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याकडे गेली की 'दुर्मिळ' होते. तिला जरीचे काम असेल तर भाव अधिक. म्हणजे एखाद्या अनाम गृहिणीने भक्तीने घातलेले टाके, हा आता किमतीचा भाग झाला. आणि ती किंमत तिच्या वंशजांस मिळालेली नसते.

येथे प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. हिंदू कायद्यात कुलदैवताची मूर्ती ही वाटून घेण्याची वस्तू मानलेली नाही. भाऊ विभक्त झाले तर पूजेच्या पाळ्या लावून देता येतात, अथवा मूर्ती ज्येष्ठाकडे ठेवून इतरांना दर्शनाचा हक्क देता येतो. कलकत्त्याच्या मल्लिक घराण्याचा एक प्रसिद्ध खटला १९२५ साली प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला होता. आपल्या पाळीत ठाकुरजींना स्वतःच्या घरी हलविण्याचा अधिकार आपणास आहे, असे एका सेवेकऱ्याचे म्हणणे होते. न्यायाधीशांनी सांगितले, की मूर्ती म्हणजे इकडून तिकडे न्यावयाचे सामान नव्हे. तिच्या वास्तव्याविषयी तिच्या इच्छेचा विचार झाला पाहिजे, आणि ती इच्छा न्यायालयापुढे मांडण्यास निःस्वार्थी प्रतिनिधी हवा. सातासमुद्रांपलीकडच्या, परधर्मीय न्यायाधीशांनी हे सांगावे, याचे आम्हांस आजही नवल वाटते.

मग छापील तसबिरीचे काय? भागवताच्या अकराव्या स्कंधात प्रतिमेचे जे आठ प्रकार सांगितले आहेत, त्यांत पाषाण आणि धातू यांच्या जोडीला रेखाटलेल्या प्रतिमेलाही स्थान आहे. तेव्हा कागदावरचा देव हा देवच नव्हे, असे शास्त्राच्या आधाराने म्हणता येणार नाही. तथापि अशा तसबिरीची प्राणप्रतिष्ठा सामान्यतः होत नाही, तिच्या नावे मिळकत नसते, आणि न्यायालय तिला कायद्याची व्यक्ती मानील असे आम्हांस वाटत नाही. ती विकणारा गुन्हेगार नव्हे, घेणाराही नव्हे. पण कायद्याने मनाई केली नाही म्हणजे धर्माने परवानगी दिली असे होत नाही. कायदा जेथे गप्प बसतो, तेथे आपली जबाबदारी संपत नसून आपल्यावरच पडते.

सामान्य भाविकाने या प्रश्नाचे उत्तर आपल्या परीने दिलेले आहे. काच फुटलेली, चेहरा झिजलेली तसबीर तो विकत नाही आणि कचऱ्यातही टाकीत नाही. तो ती नदीत विसर्जन करतो किंवा पिंपळाच्या पारावर ठेवून येतो. ज्याची सेवा आता आपल्या हातून होत नाही, ते निसर्गाच्या स्वाधीन करावे, ही त्यामागची भावना. आपला धर्म मुळी जपून ठेवण्याचा कट्टर आग्रह धरणारा नाही. दीड दिवसाचा गणपती पाण्यात सोडताना आपण त्याची माती परत मागत नाही. म्हणून जुने ते सर्व राखलेच पाहिजे, राखणे हीच एकमेव भक्ती, हा संग्राहकांचा दावा जसाच्या तसा स्वीकारता येत नाही. पारावर ठेवलेली तसबीर उचलून बाजारात नेणाऱ्याला कायदा कदाचित सोडील, कारण टाकलेल्या वस्तूला धनी नसतो. पण ठेवणाऱ्याने ती टाकलेली नसते. अर्पण केलेली असते. अर्पणाचा माल करणे हा हेतूचा भंग आहे.

यावर संग्राहक जो आक्षेप घेतील तो दुबळा नाही. ते म्हणतील, 'आम्ही घेतल्या नसत्या तर या तसबिरी वाळवीने खाल्ल्या असत्या. चित्रशाळेचे आणि मळवलीचे काम आज अभ्यासकांना पाहावयास मिळते ते कोणामुळे? हजारो प्रती निघाल्या, त्यांतल्या मूठभर वाचल्या, त्या भाविकांनी नव्हे तर शोधकांनी वाचविल्या.' हे खरे आहे. मळवलीचा छापखानाच जळून गेल्यानंतर घरोघर पांगलेल्या प्रती हाच त्याचा उरलेला पुरावा. बडोद्याचेच पाहा. सयाजीरावांनी कमाटीबागेत संग्रहालय उभारले नसते, राजघराण्याने १९६१ साली महाराजा फत्तेसिंह संग्रहालय लोकांस खुले केले नसते, तर आपल्याला डोळ्यांनी काय दिसले असते? तेव्हा संग्रह करणे हे पाप नव्हे. पण 'मी वाचविले' एवढ्या उत्तराने सर्व प्रश्न मिटत नाहीत, हे दाखविण्यास बडोद्यापासून जवळच, डभोईस घडलेली एक गोष्ट उपयोगी पडेल.

जेम्स फोर्ब्स हा ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी १७८० नंतर डभोईस कलेक्टर होता. माणूस रसिक, चित्रे काढणारा, या प्रदेशावर मनापासून लोभ करणारा. सालबाईच्या तहानंतर, १७८३ साली, डभोई मराठ्यांकडे परत गेली आणि फोर्ब्सला निघावे लागले. डभोईच्या हिरा भागोळीचे शिल्पकाम ज्यांनी पाहिले असेल त्यांस तेथल्या कारागिरीची कल्पना आहे. जाताना फोर्ब्सने तेथील काही लहान शिल्पे बरोबर नेली आणि इंग्लंडात स्टॅनमोर येथील आपल्या बागेत छोटेसे देऊळ बांधून त्यात ती ठेवली. ती आपण लुटली नाहीत, तेथील ब्राह्मणांनी कृतज्ञतेने भेट दिली, असे तो सांगतो. आम्ही त्याला खोटे ठरवू इच्छीत नाही. कदाचित ती माणसे खरोखरच कृतज्ञ असतील. पण देणारे रयत होते आणि घेणारा सत्ताधारी होता. १८७२ च्या करार कायद्याच्या सोळाव्या कलमाने एक शहाणपण लिहून ठेवले आहे: ज्याला दुसऱ्याच्या इच्छेवर वर्चस्व चालविता येते, त्याने त्या स्थितीचा फायदा घेऊन मिळविलेली संमती ही निर्दोष संमती नव्हे. कलेक्टरने आवडीने पाहिलेली वस्तू 'नेऊ नका' असे म्हणणे डभोईच्या ब्राह्मणास किती शक्य होते?

आज कलेक्टर नाही, पण गरज आहे. आणि गरज ही कलेक्टरहून सौम्य नसते. आजारपणात, मुलीच्या लग्नात, घर रिकामे करून देण्याची मुदत संपत आली असताना जो माणूस देवघरातल्या चौकटी विकतो, त्याची संमती कागदावर पुरी असली तरी मनात अर्धी असते. अशा वेळी घेणाऱ्याने दोन गोष्टी कराव्यात असे आम्हांस वाटते. वस्तूचा बाजारातला खरा भाव विकणाऱ्यास सांगावा, आणि पुढे त्याची परिस्थिती सुधारली तर तिच किमतीत ती परत घेण्याची मुभा त्यास ठेवावी. यात कायद्याची सक्ती काहीच नाही. पण जाणत्या खरेदीदाराने अजाण विकणाऱ्याच्या अज्ञानावर नफा काढावा, हे ज्ञानाचे कोणते भूषण?

याच फोर्ब्सने १८१३ साली आपल्या आठवणींचा चार खंडांचा सचित्र ग्रंथ लंडनास प्रसिद्ध केला. असल्या ग्रंथांच्या नशिबी आणखी एक गोष्ट येते. अखंड ग्रंथाला एक गिऱ्हाईक मिळते. त्याची पाने सोडविली तर पन्नास मिळतात. म्हणून व्यापारी शिवण उसवतो, चित्रे आणि नकाशे निरनिराळे विकतो आणि मजकूर रद्दीत जातो. जुन्या नकाशासंग्रहांची जगभर हीच कथा आहे. भिंतीवर टांगलेला सुंदर नकाशा पुष्कळदा एखाद्या ग्रंथाचा तोडलेला अवयव असतो. ज्याने तोडला तो दोषी खराच, पण तोडलेल्या पानांना गिऱ्हाईकच नसते तर सुरी चालली नसती. म्हणून नकाशा घेण्यापूर्वी त्याच्या कडेला शिवणीच्या खुणा आहेत काय, तो कोठून सुटला, केव्हा सुटला, हे विचारणे ही केवळ जाणकारी नव्हे. तो नीतीचा भाग आहे.

नकाशाच्या मालकावर आणखीही एक ऋण असते. चित्र डोळ्यांस सुख देते. नकाशा सत्य सांगण्याचा आव आणतो. मेजर रेनेलने १७८२ साली हिंदुस्थानचा जो नकाशा काढला, त्याच्या कोपऱ्यातील शोभाचित्रात ब्राह्मण आपली शास्त्रे ब्रिटानियेच्या हाती सोपवीत आहेत असे दाखविले आहे. नकाशा मोजणीचा, पण कोपऱ्यात सत्तेचे खरेदीखत. कंपनीच्या अंमलात आपले कायदे कसे परहस्ते गेले, याचे इतके स्पष्ट चित्र आम्हां वकिलांस दुसरीकडे सापडणार नाही. तसाच लिन्शोटेनच्या १५९६ सालच्या प्रवासग्रंथातील गोव्याचा नकाशा. गल्ल्या, चौक, चर्चे, घरे, नदीतली जहाजे, सर्व काही बारीक. त्याच्या आधी अर्धशतक तिसवाडीतील देवळे पाडली गेली होती; कुशस्थळीचा मंगेश, केळोशीची शांतादुर्गा, वेर्ण्याची म्हाळसा ही दैवते भक्तांच्या खांद्यावरून नदी ओलांडून अंत्रुज महालात गेली होती. त्यांचा त्या नगरचित्रात मागमूस नाही. आपल्यापैकी कोणी हा नकाशा दिवाणखान्यात लावील तर त्यात वावगे काहीच नाही. उलट तो लावावा. मात्र घरातल्या मुलांना त्यात काय आहे एवढेच न दाखविता काय नाही तेही सांगावे. एरवी ज्यांच्या नजरेतून आपले देव वगळले गेले, त्यांचीच नजर आपण काचेखाली घालून शोभेला लावली असे होईल.

सरकारने या बाबतीत काही केले नाही असे नाही. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्यान्वये शंभर वर्षे पुरी झालेली कलाकृती पुरावस्तू ठरते. तिचा व्यापार करण्यास परवाना लागतो आणि खाजगी माणसास ती देशाबाहेर नेता येत नाही. रविवर्म्याच्या कृती १९७९ साली राष्ट्रीय कलानिधी म्हणून जाहीर झाल्या. पण हा कायदा मुख्यतः सीमेवर पहारा करतो. घरातून, आणि आमच्या देवस्थानांतून, वस्तू निसटते तेथे तो फारसा पोहोचत नाही. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त संस्थांच्या कायद्याप्रमाणे देवस्थानाची स्थावर मिळकत विकण्यास धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते. सभामंडपातली शंभर वर्षांची तसबीर ही स्थावर नव्हे. जीर्णोद्धार निघाला, भिंतीला नवी फरशी लावावयाची ठरली, की जुन्या चौकटी माळ्यावर जातात आणि माळ्यावरून कोठे जातात हे कोणी विचारीत नाही. त्या कोणी चोरलेल्या नसतात. त्यांची नोंदच नसते. नवे शिखर बांधण्यास देणगी देणारे पुष्कळ मिळतात, जुन्या वस्तूंची यादी करण्यास एक दुपार देणारा मिळत नाही. तेव्हा प्रत्येक देवस्थानाने जीर्णोद्धाराला हात घालण्यापूर्वी आपल्याकडील तसबिरी, नकाशे, जुन्या सनदा यांची नोंदवही करावी. कोणती कोणी केव्हा अर्पण केली हे वृद्धांना विचारून लिहून घ्यावे. आणि जे ठेवता येत नाही ते बाजारात न जाऊ देता संग्रहालयास द्यावे अथवा विधिपूर्वक विसर्जन करावे. या कामास खर्च जवळजवळ नाही आणि कायद्याची वाट पाहण्याचेही कारण नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. किंमत देऊन आपण काय विकत घेतो? कागद, रंग, चौकट आणि इतरांस दूर ठेवण्याचा हक्क. त्या कागदावर झालेली उपासना विकत घेता येत नाही, कारण ती विकणाऱ्याच्याही मालकीची नव्हती. त्याच्या आजीची, पणजीची होती. जी गोष्ट खरेदीत येत नाही पण वस्तूबरोबर घरात येते, तिच्यापुरते आपण मालक नसून विश्वस्त असतो. विश्वस्ताची लक्षणे आम्हां वकिलांस पाठ आहेत. त्याने वस्तू कोठून आली याचा हिशोब ठेवावा, ती तोडू नये, तिच्यावर स्वतःचा नफा काढू नये, आणि ज्यांच्यासाठी ती आहे त्यांना तिच्यापासून वंचित करू नये. संग्रहातील लक्ष्मीची तसबीर दिवाणखान्यात टांगली म्हणून पाप लागत नाही. पण ज्या घरातून ती आली त्या घरचे कोणी कधी पाहावयास आले, तर त्यांच्यासाठी दार उघडे असावे. आणि त्यांपैकी एखादी वृद्धा त्या चौकटीपुढे हात जोडू लागली, तर 'ही आता कलाकृती आहे' असे तिला सांगण्याचा अधिकार कोणत्याही पावतीने आपणास मिळत नाही.